मैदानावरील पंच : त्यांची नेमणूक व त्यांची बढती



पंचांच्या मुखीं परमेश्वर असतो, असें आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आले आहेत. गांवच्या पारावर बसून निवाडा करणाऱ्या मंडळींविषयीं ही म्हण निघाली, आणि पुढें खेळाच्या मैदानावर निर्णय देणाऱ्या गृहस्थासहि आपण तेंच नांव दिलें. नांव मोठें खरें. परंतु या परमेश्वराची नेमणूक कोण करतो, त्याचा मेहनताना कोण देतो, आणि एका सामन्यानंतर दुसऱ्या सामन्याचें बोलावणें त्याला कोणाच्या शब्दावरून येतें, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतों. आज या प्रश्नाचा थोडा इतिहास आपणांपुढें मांडावा, असा माझा विचार आहे. उदाहरणें बहुतेक क्रिकेटचींच घेईन. कारण तो इतिहास सर्वांत जुना व बऱ्याच अंशीं लिहून ठेवलेला आहे.

खेळाडूची बढती उघड्या मैदानावर होते. फलंदाजाच्या धावा फळ्यावर लागतात, गोलंदाजाचे बळी दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत छापून येतात. पंचाचें काम याच्या अगदीं उलट. तो चोख काम करतो त्या दिवशीं त्याचें नांवहि कोणाच्या ध्यानांत राहत नाहीं. तो चुकतो त्या दिवशीं मात्र तें सर्वतोमुखीं होतें. त्यामुळें त्याची लायकी मोजण्यास पूर्वीं आंकडाच नव्हता. कोणाच्या तरी सांगण्याचा आधार होता. जेथें सांगण्याचा आधार, तेथें ओळख आली. ओळखीबरोबर शिफारस आली. आणि शिफारशीच्या मागोमाग वशिल्याचीं तट्टेंहि आलीं. पंचाची खरी अडचण हीच आहे. ज्यांच्या मर्जीनें तो वर चढावयाचा, त्यांच्याविरुद्धच त्याला भर मैदानांत बोट वर करावें लागतें. या अडचणींतून वाट काढण्यास क्रिकेटच्या जगाला जवळ जवळ तीनशें वर्षें लागलीं.

अठराव्या शतकांतील इंग्लंडांत क्रिकेट हा बड्या जमीनदारांचा षोक होता, आणि त्यावर मोठमोठ्या पैजा लागत. १७२७ सालीं रिचमंडचे ड्यूक व ब्रॉड्रिक नांवाचे एक गृहस्थ यांच्यामध्यें सामन्याचा जो करार झाला, तो अद्याप उपलब्ध आहे. त्यांत प्रत्येक पक्षानें आपला एकेक पंच द्यावा असें कलम आहे. धांव मोजली जाण्यासाठीं फलंदाजानें पंचाच्या काठीला स्पर्श करावा, असेंहि एक मौजेचें कलम त्यांत आहे. पण आपल्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाचें कलम निराळेंच. खेळांतील एखाद्या मुद्द्यावर कोणी खेळाडूनें तोंड उघडलें, तर त्याला सामन्यांतून काढून टाकावें. मात्र हा नियम ड्यूकसाहेब व ब्रॉड्रिकसाहेब यांस लागू नाहीं! वाद पडल्यास निकालहि त्या दोघांनींच द्यावयाचा. म्हणजे पंच नांवाला उभा, आणि निवाडा यजमानाच्या हातीं. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हा न्याय तेथें करारानेंच मान्य झालेला होता.

पुढें १७४४ सालीं खेळाचे नियम व्यवस्थित लिहिले गेले, आणि बाद अथवा नाबाद ठरविण्याचा अधिकार सर्वस्वीं पंचाचा, असें त्यांत स्पष्ट झालें. कागदावर पंच स्वतंत्र झाला. परंतु त्याला मैदानावर आणणारे हात तेच राहिले, आणि कागदावरचा अधिकार व पोटाचा प्रश्न यांची गांठ पडली म्हणजे काय होतें, हें पुढें १८६२ सालीं सर्वांना दिसलें.

त्या वर्षीं ऑगस्ट महिन्यांत लंडनच्या ओव्हल मैदानावर सरे विरुद्ध इंग्लंड असा सामना चालला होता. गोलंदाजानें हात खांद्याच्या वर नेऊं नये, असा त्या काळचा नियम होता. पण तो पाळला जात नसे, आणि पंचहि तिकडे काणाडोळा करीत. एडगर विल्शर या केंटच्या गोलंदाजाचे लागोपाठ सहा चेंडू पंच जॉन लिलीव्हाइट यानें 'नो बॉल' ठरविले. विल्शर मैदान सोडून निघाला, आणि त्याच्या पाठोपाठ त्याच्या संघांतील इतर धंदेवाईक खेळाडूहि निघाले. लिलीव्हाइट हा स्वतः धंदेवाईक खेळाडूंच्याच घराण्यांतला. इतकेंच नव्हे, तर खांद्याच्या रेषेंत हात नेऊन चेंडू टाकण्याची जी पद्धत पूर्वीं नियमबाह्य समजली जाई, ती रूढ करणाऱ्यांत त्याचा बाप अग्रेसर होता. घरचें वळण, व्यवसायांतलीं माणसें, सगळीं ओळख एका बाजूला. आणि नियमपुस्तक दुसऱ्या बाजूला. त्यानें नियम धरला. तो आपल्या मतावरून हटला नाहीं, आणि त्याच्या जागीं दुसरा पंच उभा करून सामना पुरा करण्यांत आला. दोन वर्षांनीं, १८६४ सालीं, नियमच बदलला व हात वर नेण्यास मोकळीक मिळाली. नियम चुकीचा असेल तर तो नियम करणाऱ्यांनीं बदलावा. अमलांत आहे तोंवर पंचानें तो पाळावा. लिलीव्हाइटनें हा धडा घालून दिला, पण त्या सामन्यापुरती त्याची जागा गेलीच.

या घटनेनंतर वीस-एक वर्षांनीं, १८८३ पासून, इंग्लंडांतील कौंटी-सामन्यांना दोन्ही पक्षांशीं संबंध नसलेले पंच असावेत, व त्यांची नेमणूक एम्. सी. सी. या मध्यवर्ती संस्थेनें करावी, असा प्रघात पडला. ही सुधारणा लहान दिसते, पण पंचाच्या आयुष्यांत तिनें मोठें स्थित्यंतर घडविलें. आतां यादींत नांव लागणें हा एक व्यवसाय झाला. खेळण्याचें वय सरलेल्या धंदेवाईक खेळाडूला त्यांत उपजीविकेचा मार्ग दिसूं लागला. तथापि जुनी अडचण मागच्या दारानें परत आलीच. कारण पंचाच्या कामाविषयींचा अभिप्राय संघांच्या कप्तानांकडून मागविण्याची वहिवाट पडली. ज्याला आज पायचीत ठरविलें, तोच उद्यां गुण देणार!

फ्रँक चेस्टर यांची हकीकत याच संदर्भांत सांगण्यासारखी आहे. वूस्टरशायरकडून खेळणारा हा तरुण मोठा फलंदाज होणार, अशी सर्वांची अपेक्षा होती. परंतु पहिल्या महायुद्धांत सॅलोनिकाच्या आघाडीवर त्याचा एक हात गेला. खेळ संपला, म्हणून तो पंच झाला. १९२२ सालीं लेटन येथें एसेक्स विरुद्ध सॉमरसेट या सामन्यांत तो प्रथमच उभा राहिला. त्या सामन्यांत दोन्ही संघांच्या कप्तानांविरुद्ध अपिलें झालीं, आणि त्यानें दोघांनाहि बाद दिलें! त्याच्या वयोवृद्ध सहकाऱ्यानें त्याला बाजूला घेऊन बजावलें कीं, असेंच चालवशील तर आपल्या हातानें आपलें मरणपत्र लिहून देशील. म्हाताऱ्यानें सल्ला दुष्टाव्यानें दिला नाहीं; त्याच्या अनुभवाचें तें सार होतें. चेस्टरनें तो ऐकला नाहीं. अवघ्या दोन वर्षांत, १९२४ सालीं, त्याला कसोटी-सामन्यांत उभें राहण्याचा मान मिळाला, आणि १९५५ पर्यंत तो एकंदर ४८ कसोटी-सामन्यांत पंच होता. त्या काळीं इतकी संख्या दुसऱ्या कोणाचीहि नव्हती.

चेस्टरची गोष्ट ऐकून मन प्रसन्न होतें. पण इतिहासाचा विद्यार्थी एवढ्यावर थांबूं शकत नाहीं. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील खुनानंतर रघुनाथरावांना देहान्त प्रायश्चित्त सांगून पुणें सोडणाऱ्या रामशास्त्री प्रभुण्यांची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. रामशास्त्री एखाद्या शतकांत एखादाच निपजतो. त्याच्या भरंवशावर न्यायखातें चालत नाहीं. सामान्य धैर्याच्या माणसालाहि प्रामाणिक राहतां यावें, अशी व्यवस्था असावी लागते. चेस्टरच्या पहिल्या सामन्यांतील तो वृद्ध सहकारी वाईट नव्हता. त्याला व्यवस्थेचा आधार नव्हता, एवढेंच.

हा आधार कसा निर्माण झाला? त्याचा एक उगम पंचांच्या आपसांतील संघटनेंत आहे. फुटबॉलच्या खेळांतहि प्रथम दोन्ही पक्षांचे दोन पंच असत व त्यांचें जमलें नाहीं तर मैदानाबाहेरच्या तिसऱ्याकडे दाद मागावी लागे. १८९१ सालीं हा तिसरा गृहस्थ मैदानांत आला व तोच 'रेफरी' म्हणून मुख्य झाला. लगेच दोन वर्षांनीं लंडनमध्यें रेफरींचा संघ निघाला. क्रिकेटच्या पंचांनीं बराच विलंब लावला. टॉम स्मिथ या गृहस्थाच्या खटपटीनें त्यांची संघटना इंग्लंडांत १९५३ मध्यें स्थापन झाली. नियमांचा एकत्र अभ्यास करावा, नवख्यांना शिकवावें, परीक्षा घ्याव्या, असा तिचा क्रम होता. ही ओळख निराळ्या जातीची आहे, हें ध्यानांत घ्या. खेळाडू व पंच यांची जवळीक संशयास्पद असते. पण पंच आणि पंच यांची जवळीक ज्ञान वाढविते, आणि एकट्या माणसाला पाठबळ देते.

शाळामास्तर म्हणून येथें एका समव्यवसायी माणसाचा उल्लेख केल्यावांचून मला राहवत नाहीं. स्टॅन्ले राउस हे वॉटफर्डच्या शाळेंत शिक्षक होते. फुटबॉलचे रेफरी म्हणून त्यांनीं नांव मिळविलें. १९३४ च्या एफ्. ए. कप स्पर्धेचा अंतिम सामना त्यांनीं चालविला, आणि त्याच वर्षीं इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनचे ते चिटणीस झाले. १९३८ मध्यें त्यांनीं खेळाचे नियम सुटसुटीत भाषेंत नव्यानें लिहून काढले. रेफरीनें मैदानाच्या कर्णरेषेला धरून धांवावें, म्हणजे त्याची व रेषापंचांची नजर मिळून सगळें मैदान टापूंत येतें, ही पद्धतहि त्यांनींच रूढ केली. पुढें १९६१ पासून १९७४ पर्यंत ते जागतिक फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष होते. शिटी वाजविणारा शिक्षक त्या खेळाच्या सर्वोच्च आसनावर बसला. त्यांचा परिचय अफाट होता यांत शंका नाहीं. परंतु त्या परिचयाच्या मुळाशीं त्यांनीं स्वतः केलेलें उपयुक्त काम होतें. जमैकाचे स्टीव्ह बकनर हेहि असेच शाळाशिक्षक. प्रथम फुटबॉलचे रेफरी, मग क्रिकेटचे पंच. आणि १९८९ पासून २००९ पर्यंत त्यांनीं १२८ कसोटी-सामन्यांत काम केलें.

आतां आपल्या देशाकडे वळूं. हिंदुस्थानच्या भूमीवरील पहिला कसोटी-सामना १९३३ च्या डिसेंबरांत मुंबईच्या जिमखान्यावर झाला. त्या सामन्याचे दोन्ही पंच, फ्रँक टॅरंट व बिल हिच, हे इंग्लंडांतील कौंटी-क्रिकेट खेळलेले परदेशी गृहस्थ होते. पैकीं टॅरंट हे पतियाळाच्या महाराजांच्या पदरीं होते. मैदान आपलें, प्रेक्षक आपले, आणि निवाडा करण्यास आपला एकहि माणूस नाहीं, अशी ती स्थिति होती. इंग्लंडांतील नांवलौकिक किंवा राजेरजवाड्यांचा आश्रय, हीच त्या काळीं मोठ्या सामन्याची शिफारसपत्रें होतीं.

स्वातंत्र्यानंतर देशी पंच उभे राहिले. स्वदेशी पंच म्हणजे स्वदेशाला झुकतें माप, असा आक्षेप नेहमीं घेतला जातो. त्याला फेब्रुवारी १९४९ मधील ब्रेबोर्न स्टेडियमवरचा सामना हें चांगलें उत्तर आहे. वेस्ट इंडीजविरुद्ध भारताला जिंकण्यास ३६१ धावा हव्या होत्या. ८ बाद ३५५ पर्यंत मजल गेली, आणि वेळ संपण्यास सुमारें दीड मिनिट असतांनाच पंच बापू जोशी यांनीं यष्टींवरील बेल्स उचलल्या! विजय सहा धावांनीं हुकला. ती घाईची चूक होती, पण पक्षपाताची खास नव्हती. तिच्यांत नुकसान झालें तें आपलेंच.

पुढील पिढींत मुंबईचे माधव गोठोस्कर यांनीं १९७३ ते १९८३ या काळांत १४ कसोटी-सामन्यांत काम केलें. तितकेच सामने मुंबईच्याच पिलू रिपोर्टर यांनीं केले. हे रिपोर्टर महाराष्ट्र राज्य वीज मंडळांत नोकरी करीत, आणि नोकरी सांभाळून पंचगिरी करीत. हैद्राबादचे व्ही. के. रामस्वामी आणि रिपोर्टर यांच्या नांवावर एक ऐतिहासिक घटना आहे. यजमान देशाचे पंच हा पाकिस्तानांत तेव्हां सतत तक्रारीचा विषय झाला होता. कप्तान इम्रान खान यांच्या आग्रहावरून १९८६ च्या नोव्हेंबरांत लाहोर येथें पाकिस्तान विरुद्ध वेस्ट इंडीज या कसोटी-सामन्यासाठीं या दोघां भारतीयांना पाचारण करण्यांत आलें. १९१२ सालीं इंग्लंडांतील तिरंगी स्पर्धेंत ऑस्ट्रेलिया व दक्षिण आफ्रिका यांच्या सामन्यांना इंग्लिश पंच उभे होते, हा अपवाद सोडला तर तटस्थ पंचांचा हा पहिलाच प्रयोग. भारत व पाकिस्तान यांचे संबंध आपण जाणतां. त्या देशाच्या कप्तानानें त्या देशाच्या मैदानावर दोन भारतीयांच्या बोटावर विश्वास टाकावा, यापेक्षां मोठें प्रशस्तिपत्र कोणतें? आणि तें मिळालें तें कोणा वरिष्ठाच्या घरीं हेलपाटे घालून नव्हे.

त्या प्रयोगाची गरज पुढच्याच वर्षीं सिद्ध झाली. १९८७ च्या डिसेंबरांत फैसलाबाद येथें इंग्लंडचा कप्तान माइक गॅटिंग व स्थानिक पंच शकूर राणा यांच्यांत मैदानावरच शब्दाला शब्द लागला. लेखी माफीनाम्याशिवाय पंच उभा राहीना, आणि एक सबंध दिवस खेळ झाला नाहीं. शेवटीं १९९४ पासून प्रत्येक कसोटी-सामन्यांत एक पंच तटस्थ देशाचा, व २००२ पासून दोघेहि तटस्थ, असा नियम झाला. २००२ मध्येंच आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेनें आठ निवडक पंचांचें पगारी मंडळ नेमलें. बकनर त्यांत होते, आणि आपले श्रीनिवास वेंकटराघवनहि होते. ५७ कसोटी-सामने खेळाडू म्हणून व ७३ पंच म्हणून, असा त्यांचा दुहेरी लौकिक आहे. रिचमंडच्या ड्यूकापासून निघालेला प्रवास येथें एका टप्प्यावर आला. पंचाची पोळी सामन्यांतील कोणत्याहि पक्षाच्या तव्यावरची राहिली नाहीं.

याच काळांत यंत्राचीहि साक्ष सुरू झाली. १९९२ च्या नोव्हेंबरांत डर्बन येथें दूरचित्रवाणीवरील चित्र पाहून प्रथमच धावबादाचा निर्णय झाला, आणि तसा बाद होणारा पहिला फलंदाज आपला सचिन तेंडुलकर. २००८ मध्यें श्रीलंकेंत भारताशीं झालेल्या मालिकेंत निर्णयाची फेरतपासणी मागण्याची पद्धत अजमावण्यांत आली. यंत्रामुळें पंचाचा रुबाब गेला अशी कुरकूर पुष्कळ करतात. मला त्याची दुसरी बाजू दिसते. पंचाच्या लायकीला पूर्वीं जो आंकडा नव्हता, तो यंत्रानें दिला. किती निर्णय बरोबर, किती फिरले, हें आतां मोजतां येतें. आणि मोजतां येतें तेथें शिफारशीचें वजन आपोआप घटतें.

परीक्षाहि कडक झाल्या आहेत. २०२२ सालीं अहमदाबादेस भारतीय क्रिकेट मंडळानें पंचांची परीक्षा घेतली. दोनशें गुणांपैकीं नव्वद हवे होते. १४० उमेदवार बसले, आणि अवघे तीन पास झाले! एक प्रश्न असा होता : मंडपाची, झाडाची किंवा क्षेत्ररक्षकाची सांवली खेळपट्टीवर पडते व फलंदाज तक्रार करतो, तर काय कराल? मंडप व झाड यांची सांवली मनावर घ्यावयाची नाहीं. क्षेत्ररक्षकाला मात्र स्थिर उभें राहण्यास सांगावयाचें, आणि तो हलला तर चेंडू 'मृत' ठरवावयाचा. अशा प्रश्नाला कोणाच्याहि चिठ्ठीचा उपयोग होत नाहीं. २०२० मध्यें जागतिक मंडळांत निवडले गेलेले इंदूरचे नितीन मेनन हे आंतरराष्ट्रीय पंचाचे चिरंजीव. पण तेहि २००६ मध्यें परीक्षेच्याच दारांतून आंत आले.

मग ओळखीपाळखीला स्थानच नाहीं काय? आहे, आणि तें किती सुंदर असूं शकतें, याचें उदाहरण आपल्या मुंबईचेंच आहे. वृंदा राठी या सामन्यांचें धावलेखन करीत. २०१३ मध्यें महिलांचा विश्वचषक भारतांत झाला, तेव्हां तेथें त्यांना न्यूझीलंडच्या पंच कॅथी क्रॉस भेटल्या. स्त्रीहि हें काम करूं शकते, हें त्यांनीं प्रत्यक्ष पाहिलें आणि त्या या मार्गाला लागल्या. जानेवारी २०२३ मध्यें रणजी सामन्यांत प्रथमच ज्या तीन स्त्रिया पंच म्हणून उभ्या राहिल्या, त्यांत त्या एक होत्या. दुसऱ्या दोघी एन्. जननी व गायत्री वेणुगोपालन. क्रॉसबाईंनीं त्यांना पद दिलें नाहीं, वाट दाखविली. परीक्षा व कष्ट राठींचे स्वतःचेच.

माझ्या श्रोत्यांत कोणी तरुण पंच असतील, किंवा शाळेच्या मैदानावर शिटी घेऊन उभे राहणारे शिक्षक असतील, त्यांना उद्देशून दोन शब्द सांगतों. वरिष्ठ पंचांचा परिचय अवश्य करावा. त्यांच्या शेजारीं उभें राहून काम पाहावें, आणि शंका निःसंकोचपणें विचाराव्या. धावलेखक, मैदानाची निगा राखणारे माळी, छोट्या क्लबांचे चिटणीस, यांच्याशीं आदबीनें वागावें. वेळेवर येणाऱ्या व वही नीट ठेवणाऱ्या पंचाचें नांव पुढें तेच सांगतात. बढतीचा मार्ग बहुधा अशाच लहान सामन्यांतून जातो. परंतु ज्यांचा निवाडा उद्यां करावयाचा आहे, त्यांच्या घरचें जेवण आज घेऊं नये. आणि खेळाच्या संस्था चालविणाऱ्यांना एवढेंच विनवितों कीं, पंचाला योग्य मेहनताना द्या, त्याची परीक्षा उघड घ्या, आणि त्याच्या निर्णयानें नाराज झालेल्या मंडळींच्या हातीं त्याची पुढची नेमणूक ठेवूं नका. आपल्या तालुक्यांतील व शाळांतील सामन्यांना हा नियम लावण्याचें काम अद्याप पुष्कळच बाकी आहे, आणि तें आपल्याच हातचें आहे.